लोण्यात मीठ नव्हतं

रात्रपाळी करून व्हर्लीन तशीच चर्चला जाऊन आली आणि अंगणातल्या खुर्चीत अंग टाकून बसली. वृद्धाश्रमात रात्रभर म्हाताऱ्यांना चमच्याचमच्यानं पाणी आणि औषध पाजून तिचा हात भरून आला होता. घरी आल्यावर तरी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

तिचा नवरा रॉइस शेगडीपाशी उभा होता. मेस्किटच्या लाकडाचे निखारे फुलले होते. रविवारी दुपारी स्टेक भाजायचे ते रॉइसनंच, हा घरचा नियम. मीठ, मिरी, जिरं, लाल तिखट आणि लसूण तो मांसाच्या जाड तुकड्यांना हातानं चोळत होता. मीठ मूठभर झालं, तरी त्याचा हात थांबेना.

घशाच्या कॅन्सरवर किरणं घेतली तेव्हा त्याची चव गेली होती. मग वसंतात तो म्हणाला, "आली परत." मांस खारट लागलं तरी सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्याच्या शेगडीवरच्या मांसाला नाव ठेवायचं नाही, ही टेक्सासच्या त्या भागातली रीतच. तेव्हापासून व्हर्लीन दर आठवड्याला लसूण-कोथिंबिरीचं लोणी करायची, त्यात मीठ अजिबात नाही, मध मात्र सढळ. गरम स्टेकवर त्याची जाड चकती ठेवली की घास कसाबसा उतरायचा.

आज लोणी करायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"लोणी कुठंय?" रॉइसनं विचारलं.

"नाही केलं. साधं आहे फ्रीजमध्ये."

धाकटा दीर क्लीट पहिला घास तोंडात घालून थिजला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं.

"कसं झालंय?"

"झकास, दादा," क्लीट म्हणाला आणि बिअरची बाटली एका दमात निम्मी केली.

"मग शनिवारी अग्निशामकवाल्यांच्या जेवणाला असंच करतो. सगळं गाव येणार आहे."

क्लीटनं वहिनीकडे केविलवाणं पाहिलं. व्हर्लीनच्या मनात आलं, आता मला झोपू द्या. मग शनिवारी पानं तशीच टाकून सगळे हळूच उठतायत आणि रॉइस चिमटा घेऊन नुसता बघत उभा आहे, हे तिला लख्ख दिसलं.

"खारट झालंय, रॉइस. तोंडात धरवत नाही. दर रविवारी असंच होतं. मी लोण्यानं सांभाळून घेत होते."

क्लीटनं मान खाली घातली. रॉइसनं चिमटा शेगडीच्या कडेवर ठेवला.

"चव आलीच नव्हती," तो म्हणाला. "मी तुझ्या तोंडाकडे बघून ठरवायचो. तू हसायचीस, मला वाटायचं बरोबर पडलंय. पुढच्या वेळी वर आणखी चिमूटभर."

"देवा," व्हर्लीन पुटपुटली. त्याच्यासाठी ओढूनताणून आणलेल्या त्या हसण्यानंच त्याला इथवर आणलं होतं. तिला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा, आणि दोन्ही धरून ठेवायची ताकद तिच्यात नव्हती.

तिच्या वाटणीचा तुकडा अजून कच्चाच होता. रॉइसनं तो नळाखाली धुतला, फडक्यानं टिपला आणि नुसताच भाजला. फ्रीजमधल्या साध्या लोण्याचा गोळा वर विरघळला. त्यानं एक घास कापून काट्यानं तिच्यापुढे धरला. रात्रभर इतरांना भरवून आलेल्या व्हर्लीननं तोंड उघडलं.

"हसू नकोस," तो म्हणाला.

"अळणी आहे."

त्यानं मिठाचा डबा उघडला. चिमूट मांसावर धरली आणि तिच्या तोंडावरची नजर न हलवता हळूहळू सोडायला लागला.

व्हर्लीनचे डोळे मिटत होते. तिनं ते उघडे ठेवले.

"बस," ती म्हणाली. त्याचा हात थांबला.