छाटीचे ठोके

"गप बसा की वाईच! बोललासा की माझी मोजणी चुकती," तानीबाई नवऱ्यावर खेकसली आणि तिनं त्याचं मनगट पुन्हा नीट धरलं. नजर फळीवरच्या गजराच्या घड्याळावर. तांबड्या काट्यानं पुरा वळसा घेतला तसं तिनं बोट उचललं.

"दोन कट्टं आन् वर चार."

पंचवीस विड्यांचा एक कट्टा. निपाणीत तीस वर्षं विड्या वळलेल्या बाईला मोजायचं म्हटलं की कट्टेच सुचणार.

"म्हंजे आजबी गोळी न्हाय?" सिद्रामनं विचारलं.

"न्हाय. दोन कट्टं आन् धा भरलं तरच द्यायची. साठाच्या खाली नको म्हनल्यात डॉक्टर."

"तुझ्यापरीस कारखान्यातला चेकर बरा," तो म्हणाला. हसताना त्याला धाप लागली.

सिद्राम वखारीतला हमाल. तंबाखूची बोदं, गच्च भरलेली पोती, पाठीवर घेऊन जिने चढलेला गडी. त्र्याऐंशीच्या दिवाळीत छातीत कळ येऊन पडला. बेळगावच्या दवाखान्यात महिनाभर ठेवून घेतला. निघताना श्रीपाद डॉक्टरांनी तानीबाईला समोर बसवून सांगितलं होतं, "हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मेलाय, बाई. तिथं वण पडलाय."

"वनाला काय लावायचं? हळद?"

"त्या वणाला औषध नाही. उरलेल्या स्नायूला बळ द्यायचं. ही बारकी गोळी त्यासाठी. पण जास्त झाली तर बाधते, म्हणून रोज आधी नाडी मोजायची. मीठ बंद. ओझं बंद."

तिनं सगळं पाळलं. स्वतःही अळणीच खायला लागली. आपण मीठ खायचं आणि नवऱ्यानं बघत बसायचं, हे तिला जमलं नसतं. पण आता लागोपाठ आठ दिवस मोजणी साठाच्या खाली भरत होती आणि गोळी पुडीतच राहत होती. नवव्या दिवशी सिद्रामचे पाय सुजले, आडवं पडलं की जीव गुदमरायला लागला. त्याला घेऊन तिनं बेळगावची पहिली गाडी धरली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, घड्याळ बघितलं. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"अडुसष्ट आहेत. तुम्ही गोळी का बंद केलीत?"

"चोपन्नच भरत्यात की, साहेब!"

"माझ्यासमोर मोजा."

तिनं मोजलं. चोपन्न. डॉक्टरांनी दुसरं मनगट धरलं होतं. त्यांचे अडुसष्टच भरले.

"मधले कुठं गेले?"

"कुठलं? त्ये बारकं व्हय? त्ये छाटीत टाकलं."

डॉक्टरांना कळेना. सिद्रामनंच धापा टाकत सांगितलं, "कारखान्यात बारीक, पोकळ बिडी चेकर छाटून टाकतोय, साहेब. मोजणीत धरत न्हाय. हिचा हात तसाच बसलाय."

डॉक्टरांनी जुना कागद काढून त्यावरच्या रेघा पाहिल्या. "हे बारके ठोके पहिल्यापासून थोडे होतेच, आता वाढलेत. वणामुळं. तेही मोजायचे, बाई. चूक माझी, मी सांगायला हवं होतं."

तानीबाईचं तोंड उतरलं. आठ दिवसांच्या आठ गोळ्या तिच्या डोळ्यांपुढं आल्या. "म्या माझ्या हातानं ह्यांचा जीव घेत हुते," ती म्हणाली आणि तिथंच पदरात तोंड घालून रडायला लागली.

"उगं गं," सिद्राम म्हणाला. "तीस वर्सं त्यो चेकर तुझ्या बिड्या टाकत आला, तवा कुनी रडलं व्हय? घरला चल. आता एकबी टाकू नगंस."

तिनं एकही टाकला नाही. पुढं दोन वर्षं रोज सकाळी ती मनगट धरायची, आणि बारका ठोका आला की बोट जरा जास्तच जपून टेकवायची. त्या दोन वर्षांत सिद्राम ओझं उचलू शकला नाही. पण ती घरी विड्या वळायला बसली की जवळ बसून तेंदूची पानं भिजवून द्यायचा, दोरा कापून द्यायचा. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दिवसभर दोघं एकत्र बसायची ती याच दोन वर्षांत. तिला ते सुखच वाटायचं.

शहाऐंशीच्या एका सकाळी चहा ठेवून ती नेहमीसारखी त्याच्या उशाशी बसली. मनगट गार लागलं. डोळे मिटलेलेच.

"किती गं?" त्यानं पुटपुटत विचारलं.

"थांबा की. मोजतेय न्हवं?"

सगळेच बारीक होते. सगळेच छाटीतले. तिनं एकूण एक धरला. एक कट्टा भरला, दुसऱ्याचे सात झाले, आठ झाले. तांबडा काटा वळसा घेऊन पुढं निघून गेला. चुलीवरचा चहा उतू गेल्याचा वास आला, तरी तिनं बोट उचललं नाही. नववा अजून यायचा होता. कसला का असेना, ती धरणार होती.