डावीकडे जुनी, उजवीकडे नवी

मी पाटी बोलतेय! शाळेतली पोरं थुंकी लावून पुसतात ती नव्हे, आणि डोक्यावरून माती वाहतात ती तर मुळीच नव्हे. मी शेतातली पाटी. खांबावर उभी राहून, दोन्हीकडे हात पसरून, येणाऱ्याजाणाऱ्याला 'हे बघा, ते बघा' म्हणणारी. आता खरं म्हणजे ते हात नव्हते, रंगाने काढलेले बाण होते. पण ते दिवस आठवले की अजून मला माझे हातच आठवतात. तुम्ही जरा टेका. मी इतकी वर्षं अंगावर मोजके शब्द घेऊन उभी होते, बाकीचे सगळे पोटात साठलेत.

जन्माने मी खुराड्याचं दार. सकाळी उघडायचं, संध्याकाळी लागायचं आणि मधल्या वेळात कोंबड्यांची भांडणं ऐकायची. खुराडं होतं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या परसात. म्हातारा तसा मायाळू, पण हट्टाला पेटला की देवालाही ऐकायचा नाही. त्याचा जावई मास्तर होता, आणि हा मास्तर म्हणजेच माझं नशीब.

मास्तर कसला, तर फिरता. त्या काळी शेती शिकवायची असते हेच कुणाला पटत नव्हतं. बापाचं नाक मुलाला येतं तशी शेती यायची. मग एके वर्षी बटाट्यावर रोग पडला, शेतंच्या शेतं काळी पडली, आणि शहरातल्या एका मंडळाने ठरवलं की शेतकरी शाळेत येत नसेल, तर शाळेनेच उठून शेतकऱ्याकडे जावं. त्यांनी थोडे मास्तर नेमले आणि गावोगाव सोडून दिले. मुलांना शिकवणारे मास्तर गावाने पाहिले होते. बापांना शिकवायला आलेला हा पहिलाच.

मास्तर चौकात खोक्यावर उभं राहून भाषण करायचे. 'कंदांची निवड', 'सरींमधील अंतर' असलं काही बोलायचे. लोक फार सभ्य होते हो! शेवटपर्यंत माना डोलवायचे आणि घरी जाऊन जे करत होते तेच करायचे. एकदा तर सगळे निघून गेले आणि एक शेळी तेवढी उरली. मास्तरांनी तिच्यासमोर भाषण पूर्ण केलं.

"अहो," त्यांची बायको म्हणाली, "तुमचं बोलणं मला घरात कळत नाही, तिथे त्यांना काय कळणार? एकदा करून दाखवा ना!"

मास्तर गेले सासऱ्यांकडे. वरची आळी आणि खालची आळी यांच्या मधोमध म्हाताऱ्याचा एक तुकडा होता. मास्तरांनी तो मागितला.

"जावईबापू," म्हातारा म्हणाला, "जेवायला पोटभर वाढीन. जमीन मात्र अर्धी देईन. अर्ध्यात तुमचं चालू द्या, अर्ध्यात माझं. बघू कोण हसतं ते."

म्हाताऱ्याची पद्धत गावाचीच होती. मोठे बटाटे खायचे, उरलेले बारके किडके मातीत टाकायचे आणि वर बघायचं. मास्तरांचं उलटं. चांगले, निरोगी बटाटे बियाण्याला काढायचे, ओळीत लावायचे आणि रोप वर आलं की बुंध्याशी मातीची भर घालायची. त्यांनी चांगले बटाटे पुरायला काढले तेव्हा सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. पण दोन भाग लोकांना ओळखू कसे येणार? पाटी हवी! फळी कुठली? खुराड्याची!

मी बिजागरीतून सुटले आणि नाचतच रंगाऱ्याकडे गेले. रंगाऱ्याने मला मांडीवर घेतलं आणि कुंचला फिरवला. काय सांगू, गुदगुल्या! डाव्या बाजूला बाण आणि 'जुनी पद्धत', उजव्या बाजूला बाण आणि 'नवी पद्धत'. रंग वाळला, त्याने मला पालथं केलं आणि मागच्या बाजूलाही डावीकडे 'जुनी', उजवीकडे 'नवी' असं मन लावून, तस्संच्या तस्सं रंगवलं. मान तिरकी करून स्वतःच्या कामाकडे बघितलं आणि खूश झाला. त्याच्या अक्षराला खरंच तोड नव्हती.

आलं का लक्षात? त्याच्या नाही आलं. मास्तरांच्याही नाही, कारण ते नेहमी खालच्या आळीतून यायचे. खालून बघितलं की माझा उजवा हात मास्तरांच्या भागाकडे, सगळं बरोबर. पण वरच्या आळीतून येणारा माझ्या पाठीमागून यायचा. त्याची डावी ती माझी उजवी. त्याला मास्तरांच्या भागावर झळझळीत अक्षरांत 'जुनी पद्धत' दिसायचं! मला कळत होतं, पण पाटीने सांगायचं कुणाला? माझ्यावर लिहितात सगळे, मला विचारत कुणी नाही.

आणि नेमक्या त्याच वेळी मंडळाचे साहेब शहरातून येऊन बजावून गेले होते. "मास्तर, भाषणं पुष्कळ झाली. या हंगामात गावातल्या एकाने तरी नवी पद्धत घेतली पाहिजे. नाहीतर फिरते मास्तर बंद. आणि मग सगळ्याच गावांतले बंद."

मास्तर पूर्वी कापडाच्या दुकानात होते. कापड मोजता मोजता त्यांना झोप लागायची आणि गिऱ्हाइकाला उगाच हातभर जास्त कापड मिळायचं. तिथे परत जायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. त्यांना शेतकऱ्यांना शिकवायचं होतं, त्यांचा जीव त्यातच होता. रोज सकाळी ते येऊन माझ्या खांबाला हात लावायचे आणि म्हणायचे, "बाई, तुझ्यावर भिस्त आहे." मी लाजून लाल व्हायचे. म्हणजे, लाल रंगवलेलीच होते.

पीक वर आलं आणि मग जी काय मजा झाली! मास्तरांच्या भागात पानं अशी दाट की खाली सावली पडायची, आणि म्हाताऱ्याच्या भागात रोपं आजारातून उठल्यासारखी. गावात पावाचं एकच दुकान, तिथे दोन्ही आळ्या भेटायच्या. दुकानाची मालकीण खालच्या आळीतली.

"काही म्हणा," पाववाली म्हणाली, "नवी पद्धत जोरात आहे."

"नवी?" वरच्या आळीतला लोहार पाव घेता घेता थांबला. "अहो काकू, नवीला कुत्रं खाईना. जुनी बघा काय फोफावली!"

"तुझे डोळे फुटलेत का रे?"

"माझे नाही, बटाट्याचे फुटलेत! जुन्या पद्धतीच्या!"

झालं! दोन आळ्या पेटल्या. एकमेकांना खोटारडे म्हणू लागल्या. ज्या लोकांनी मास्तरांच्या भाषणाला डुलक्या काढल्या होत्या ते आता रोज माझ्यापाशी येऊन पानं मोजू लागले. खालचे खालून बघायचे, वरचे वरून बघायचे आणि दोघेही छाती फुगवून घरी जायचे. पलीकडे जाऊन एकदा बघावं, असं एकालाही सुचलं नाही. वैऱ्याच्या आळीत पाऊल कोण टाकणार? मी मात्र मध्ये उभी राहून हसत होते, इतकी की खांब हलायचा. लोक म्हणायचे वारा आहे.

काढणीच्या दिवशी दोन्ही आळ्या झाडून आल्या. साहेबही आले. मास्तर त्या दिवशी नेमके लोहाराकडून कुदळी घेऊन वरून आले आणि त्यांनी पहिल्यांदा माझी पाठ बघितली.

त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. अंगातला कोट काढून त्यांनी तो घाईघाईने माझ्यावर टाकला.

"जावईबापू," म्हातारा ओरडला, "पाटीला थंडी वाजतेय का?"

तेवढ्यात लोहार वरून शिरला. "चला, जुनीची करामत दाखवतो!" पाववाली पदर खोचून खालून शिरली. "थांब, आधी नवी बघ!" दोघांनी मान खाली घालून खणायला सुरुवात केली आणि थेट एकाच सरीवर दोघांची डोकी आपटली.

"हे जुनं!"

"हे नवं!"

दोघांच्या ओंजळीत मुठीएवढे बटाटे. साहेबांनी माझ्यावरचा कोट उचलला. माझ्या पुढून फिरले, मागून फिरले, परत पुढे आले. सगळ्यांच्या नजरा रंगाऱ्याकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" रंगारी म्हणाला. "मागे वेगळं लिहिलं असतं, तर म्हणाला असतात पाटीत फरक पडला!"

असा हशा उसळला की दोन आळ्या एकमेकांच्या गळ्यात पडल्या. हसत नव्हते ते फक्त मास्तर. त्यांना डोळ्यांसमोर कापडाचा गठ्ठा दिसत असणार. मला फार वाईट वाटलं. त्यांची भिस्त माझ्यावर होती ना!

पण लोहार हातातला बटाटा सोडेना. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "पाटी गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "मास्तर, ह्याला केलंत काय ते सांगा."

आजवर मास्तरांना कुणी प्रश्नच विचारला नव्हता! ते गडबडले आणि सवयीने खोकं शोधू लागले. "कंदांची निवड करताना..."

"अहो, खाली बसा!" बायकोने त्यांची बाही ओढली.

मास्तर चांगल्या विजारीसकट मातीत बसले. लोहार बसला, पाववाली बसली, आणि बघता बघता दोन्ही आळ्या त्यांच्याभोवती उकिडव्या बसल्या. "हा ठेवायचा? आणि हा?" "भर केव्हा घालायची?" एकच गलका! माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि मला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता.

साहेबांनी घसा साफ केला. "म्हणजे वरच्या आळीला नवी पद्धत पसंत आहे तर?"

लोहार उठून उभा राहिला. "नवी? छे! आमची आळी नवीबिवी काही घेत नाही." त्याने बटाटा छातीशी धरला. "आम्ही आपली हीच लावणार. जुनी."

मास्तरांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे. मग ते बराच वेळ मिशीत हसत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मास्तर, पुढच्या हंगामाला लागा."

मास्तर फिरत राहिले, इतर गावांतलेही. मला परत खुराड्याला लावलं आणि मी दार म्हणून म्हातारी झाले. कोंबड्यांनी टोचून टोचून माझा एक बाण खाल्ला. वरची आळी त्या पद्धतीला पहिल्या दिवसापासून 'जुनी'च म्हणायची. हळूहळू खालचीही म्हणू लागली, आणि आता तर सगळं गाव म्हणतं. बघा म्हणजे, माझी चुकलेली बाजूच खरी ठरली!

आज सकाळी एक ताई सायकलवरून आल्या. नव्या फिरत्या मास्तरीणबाई. बटाट्याचं आणखी काहीतरी नवं घेऊन आल्यात, आणि गाव म्हणतंय, आमची जुनी काय वाईट आहे? त्यांना पाटी हवी होती. मास्तर आता काठी टेकत चालतात, पण मला बिजागरीतून त्यांनीच सोडवलं.

"मास्तर, मागून कशी रंगवू?" ताईंनी विचारलं.

"पुढून जशी, तशीच."

"अहो, मग मागून उलटं दिसेल! लोक भांडतील!"

"तेच तर," मास्तर म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हळूच थाप मारली. "त्याशिवाय बघायला येतील कसे?"

तर निघते मी. रंग ओला आहे, अंगाला गुदगुल्या होताहेत. शेतात दिसले तर माझ्याभोवती एक फेरी मारा, पोटभर हसा, आणि मग मला सोडून खाली मातीत बसा.