गाडीचा बिल्ला

जयाला मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटवर गाइडचं काम मिळालं आणि घरात पहिल्यांदा मोटरसायकलचा विषय निघाला. गेटवर उजाडायच्या आत हजर राहावं लागतं. उशीर झाला की तुमच्या नावाची जिप्सी पुढच्या गाइडला जाते. गाव मोहर्लीपासून सहा किलोमीटरवर, मधला सगळा रस्ता जंगलातला, आणि त्या वेळी एसटी नाही. जयाचा बाप गोविंदा इरई धरणात जाळं टाकतो. त्याच्या मते सायकल पुरेशी होती. आई गोकुळाच्या मते, ज्या रस्त्यानं पहाटे अस्वल चालतं त्या रस्त्यावर सायकल पुरत नाही. मोटरसायकल घ्यायचं ठरलं. हप्ते जया तिच्या कमाईतून भरणार होती. विमा तेवढा बापानं भरायचा होता.

विम्यासाठी बापलेक भूपेशकडे गेले. भूपेशचं दुकान मोहर्लीच्या चौकात आहे. तिथे सातबारा, आधार, सफारीचं बुकिंग आणि विमा हे सगळं एकाच प्रिंटरमधून निघतं.

"गाडी नवी, चालवणारीबी नवी," गोविंदा म्हणाला. "एकोणीस वर्साची आहे. आजवर कोणाले धडकली नाई. कमी लाव."

"काका, कंपनी वय नाई पाहात. इंजन केवढं आहे ते पाह्यते."

"म्हणजे आमची जया अन् तो झिंगू सारखेच?"

झिंगू हा त्यांच्याच गावचा पोरगा. तो मोटरसायकलसकट दोनदा धरणात गेला होता. दुसऱ्या वेळी त्याची गाडी गोविंदानंच जाळं लावून वर ओढली होती.

"सारखेच," भूपेश म्हणाला.

"त्याची गाडी माझ्या जाळ्यात येते, अन् इमा मी त्याच्याएवढा भरू?"

भूपेश पुढच्या मुद्द्यावर गेला. "थर्ड पार्टी पाच वर्साची एकदम भरा लागते. नव्या गाडीले कायदाच तसा आहे. आपल्या गाडीनं समोरच्याचं नुकसान झालं तं कंपनी देते."

"पाच वर्साची काऊन? मधात पोरीचं लगन झालं तं?"

"इमा गाडीसंगं जाते."

"अन् गाडी?"

"गाडी माझ्यासंगं जाते," जया म्हणाली.

गोविंदानं तिच्याकडे पाहिलं आणि परत भूपेशकडे वळला. "बरं, समोर रानडुक्कर आलं तं?"

"निस्त्या थर्ड पार्टीत डुक्कर नाई बसत, काका. त्यात समोरच्याचं नुकसान भरून भेटते, आपलं नाई. आपल्या गाडीचा इमा येगळा. अन् त्याच्यावर थोडे जास्त भरले तं प्लास्टिकच्या भागाचेबी पुरे भेटते."

"तेच पायजे," जया म्हणाली. "सारं पायजे."

भूपेशनं आकडा सांगितला. गोविंदा बाकावरून उठला, चौकात एक चक्कर मारून आला आणि परत बसला.

"यात दोन शेळ्या येतात."

"शेळीवर बसून गेटवर जाता येत नाई, बाबा."

"भरतो. सारं भरतो," गोविंदा म्हणाला. "पण मंग या गाडीसाठी माझ्या घरातून एक रुपया निघणार नाई. निघाला का गाडी इकली. भूपेश, तू साक्षी आहे."

"चालते," जया म्हणाली. एवढा महाग विमा घेतल्यावर घरातून पैसा निघायचं कारणच नाही, असा तिचा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. फक्त बापाला तिनं त्यात धरलं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी सफारी संपवून जया घरी निघाली होती. रस्त्यात रानडुकरांचा कळप आडवा आला. जयानं नियमाप्रमाणे गाडी थांबवली. कळप गेला. जयानं आणखी थोडं थांबून गाडी पुढे घेतली, तेव्हा मागे राहिलेलं एक डुक्कर आलं. ते सरळ पुढच्या चाकावर आदळलं, उठलं आणि कळपाच्या दिशेनं धावत गेलं. गाडी आडवी झाली. हेडलाइट फुटला, मडगार्ड वाकलं, आणि जयाचं कोपर सोललं. तिनं घरी फोन लावला.

"बाबा, डुकरानं धडक मारली."

"तुले?"

"गाडीले."

"तुले लागलं का?"

"कोपर खरचटलं थोडं."

"मंग गाडीले हात नोको लावू! जशी आहे तशी राहू दे. मी आलोच."

त्या भागात हे सगळ्यांना पाठ आहे. वाघानं गाय मारली की ती हलवायची नाही. वर डहाळ्या टाकून झाकायची, वनरक्षकाला कळवायचं आणि तो येऊन पंचनामा करेपर्यंत राखण करायची. गाय जागची हलली की भरपाई गेली. मागच्या वर्षी गोविंदाच्या गाईचे पैसे मिळाले होते ते या शिस्तीमुळेच. त्यामुळे गोकुळा हळद घेऊन आली आणि गोविंदा कुऱ्हाड आणि एक पिशवी घेऊन. गोकुळा जयाला दूर झाडाखाली बसवून हळद लावेपर्यंत गोविंदानं मोटरसायकल पळसाच्या डहाळ्यांखाली झाकली आणि तो पिशवी घेऊन मोहर्लीकडे गेलाही. गावातली चार माणसं आली आणि सवयीनं थोडं अंतर राखून उकिडवी बसली.

तेवढ्यात पर्यटकांची एक गाडी थांबली. काच खाली झाली.

"किल आहे का? वाघानं मारलेलं काही?" आतल्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाई मॅडम. मोटरसायकल आहे," जया म्हणाली.

बाईंनी डहाळ्यांकडे पाहिलं, राखण करणाऱ्यांकडे पाहिलं, मग जयाच्या गाइडच्या गणवेशाकडे पाहिलं.

"वाघ परत कधी येईल?"

"वाघ नव्हता मॅडम. डुक्कर होतं. ते गेलं."

"समजलं," बाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "गर्दी होऊ नये म्हणून असं सांगतात. कॅमेरा काढ."

गाडी बंद करून ते वाट पाहू लागले. त्यांना पाहून मागची गाडी थांबली, तिला पाहून त्या मागची. वनरक्षक राजदीप त्याच्या मोटरसायकलवरून आला तेव्हा रांग वळणापर्यंत गेली होती आणि मोठ्या भिंगाचे तीन कॅमेरे हेडलाइटच्या दिशेनं रोखलेले होते.

राजदीपनं एक डहाळी उचलून खाली पाहिलं आणि परत ठेवली.

"गोकुळाबाई, हे काय आहे?"

"गाडी आहे. डुकरानं मारली. पंचनामा करा."

"बाई, आमच्याकडं गाय बसते, शेळी बसते, पीक बसते. गाडी नाई बसत. तिले तुमची इमा कंपनी पाह्यन. उचला, रस्ता मोकळा करा." तरीही त्यानं मोबाइलवर फोटो काढले. डुकराच्या खुरांचेही काढले. मग तो गाडीच्या मागे जाऊन वाकला. "हिची नंबर प्लेट कुठी आहे?"

जयानं डहाळ्या बाजूला सारल्या. प्लेटच्या जागी दोन चकचकीत भोकं होती. पुढची प्लेटही नव्हती.

"ते घेऊन गेले," गोकुळा म्हणाली.

"कोण?"

"तिचे बाबा. भूपेशकडे. शेळीच्या टायमाले नेलं होतं ना, तसं."

विमा काढलेल्या शेळीच्या कानात बिल्ला असतो. शेळी मेली की तो बिल्ला कंपनीला द्यावा लागतो. नाहीतर मेली ती विम्यातलीच शेळी कशावरून? गोविंदानं पहिली शेळी बिल्ल्यासकट पुरली होती आणि त्याला काहीच मिळालं नव्हतं. दुसऱ्या वेळी त्यानं बिल्ल्यासकट कान कापून नेला आणि पैसे आले. त्या दिवसापासून विम्यात आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं मत झालं होतं.

जया रस्त्याच्या कडेला बसली. नव्या गाडीची प्लेट रिव्हेटनं पक्की केलेली असते. ती नुसती निघत नाही, तोडावी लागते. एकदा तोडली की परत बसत नाही, नवीच मागवावी लागते. आणि नवी प्लेट फुकट मिळत नाही.

तिकडे भूपेशच्या टेबलावर गोविंदानं प्लास्टिकची पिशवी ठेवली.

"काय आणलं, काका? मासोळ्या?"

"बिल्ला. पुढचा अन् मागचा. गाडी मेली."

भूपेशनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि एक प्लेट बाहेर काढली. मग म्हणाला, "काका, कायनं काढला?"

"छिन्नीनं. एक ओरखडा नाई पडू देला."

गाडी टेम्पोत घालून चंद्रपूरच्या गॅरेजमध्ये नेली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा सर्व्हेअर आला. बारीक चष्म्याचा, शांत माणूस होता. त्यानं चेसिसचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, राजदीपचे फोटो पाहिले, वाकलेल्या मडगार्डमध्ये अडकलेले राठ केस पाहिले आणि मान हलवली. जयाला वाटलं, निभावलं. मग तो मागच्या भोकांपाशी थांबला.

"प्लेटसुद्धा डुकरानंच तोडली का?"

जयानं बापाकडे पाहिलं. एक 'हो' म्हटलं असतं तर प्लेटचे पैसेही विम्यात गेले असते. पण गोविंदाच्या कामाला नावं ठेवली गेली होती.

"डुकराले एवढं साफ जमते का, साहेब?" तो म्हणाला. "मीच काढली."

सर्व्हेअरनं लिहिलं: हेडलाइट, मडगार्ड, पुढचा फोर्क मंजूर. नंबर प्लेट नामंजूर.

त्या संध्याकाळी गोविंदानं स्वतःच्या खिशातून नव्या प्लेटचे पैसे भरले. घरी येऊन तो जेवायला बसला. विषय त्यानंच काढला.

"घरातून पैसा निघाला. शब्द म्हणजे शब्द. गाडी इका लागन."

"मी मागतले का पैसे?" जया म्हणाली.

"मागतले का नाई, तो सवाल नाई. निघाले."

"कोणी काढाले लावले?" गोकुळानं भाकरी तव्यावरून त्याच्या ताटात टाकली. "डुकराचे कंपनीनं देले. तुमचे तुमी भरले. मंग इकाचं कोणाले, तुमीच ठरवा."

गोविंदानं ते ठरवलं नाही. पण गाडी विकायची तरी तिला प्लेट हवी, आणि प्लेट यायला वेळ होता. तोपर्यंत गाडी गॅरेजमध्येच राहणार होती, आणि जयाला गेटवर कोणी पोहोचवायचं, हा प्रश्न पहाटे उभा राहिला. गोकुळा तिला अंधारात एकटीला सायकलवर सोडणार नव्हती, आणि घरात तिला मागे बसवून नेऊ शकेल असं, आणि या सगळ्याला जबाबदार असंही, एकच माणूस होतं. गोविंदानं कान बांधले, जयाला मागे बसवलं आणि निघाला. पहिल्या चढावर जया उतरली. दुसऱ्या चढावर तोही उतरला. झुडपात काहीतरी खुसपुसलं तेव्हा दोघांनी सायकल ढकलत धावायला सुरुवात केली. जया वेळेत पोहोचली. गोविंदा गेटबाहेरच्या टपरीवर बसून राहिला, आणि उन्हं वर आल्याशिवाय परत निघाला नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यानं दम खात विचारलं, "प्लेट कधी येते म्हणे?"

"आली तरी काय?" जया मागून म्हणाली. "गाडी तं इकाची आहे."

पुढच्या चढावर दोघंही उतरली.

"गिऱ्हाईक भेटलं पायजे ना," गोविंदा सायकल ढकलत म्हणाला. "असं घाईनं इकलं तं घाटा होते. दोन-तीन वर्स वापरू, मंग पाहू."

प्लेट आली. चंद्रपूरला जाऊन ती बसवून घेताना गोविंदा मिस्त्रीच्या खांद्यावरून पाहत उभा होता. रिव्हेट पक्के झाल्यावर त्यानं बोटानं प्लेट हलवून पाहिली.

"आता हे निघणार नाई," तो समाधानानं म्हणाला.

"बाबा, छिन्नी कुठी आहे?"

"तुझ्या मायनं ठेवली."

"कुठी?"

"मले नाई सांगत," गोविंदा म्हणाला आणि पहिल्यांदाच पोरीच्या मागे बसला. "चाल. पण जंगलात हळू. अन् एक डुक्कर गेलं का लगेच पुढं नोको जाऊ."