पटाला लावलेलं कुलूप

वेणीमाधवरावांनी खेळी करून अकरा दिवस झाले होते आणि स्वरदाचं उत्तर नव्हतं.

घरात कॉम्प्युटर एकच, हॉलमध्ये फ्रिजशेजारी. स्वरदा इंजिनिअरिंगला गेली तेव्हा तिने मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं उघडून दिलं. "आजोबा, तुमचंही आहे. पासवर्ड विसरायचा नाही हं!" त्यात बुद्धिबळ होतं. समोरासमोर बसलं की नातीशीही काय बोलावं ते वेणीमाधवरावांना सुचत नसे. म्हणून असं ठरलं, की डाव सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवायचा. दुपारी घर रिकामं असताना आजोबांनी एक खेळी करायची, संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर तिने एक. दिवसभरात त्यांचं कुणाशी काही बोलणं होत असेल, तर ते एवढंच.

अकरा दिवस ते रोज पट उघडत होते. सोंगट्या जिथल्या तिथे. पोरीला परीक्षा असेल. कंटाळली असेल. आपली खेळीच बावळट असेल. तरी तिला सुचतील अशा सगळ्या शहाण्या खेळ्या त्यांनी कागदावर मांडल्या आणि प्रत्येकीचं उत्तर काढून ठेवलं.

बाराव्या दिवशी सकाळी सून शैला म्हणाली, "बाबा, हिला उद्या पुण्याला सोडायचंय, सहा महिन्यांचं प्रोजेक्ट मिळालंय. कॉम्प्युटरमधलं काही विचारायचं असेल तर आजच विचारा."

वेणीमाधवराव चहाच्या बशीकडे बघत म्हणाले, "तो आपला डाव... राहिलाच."

स्वरदाच्या हातातली खारी चहात तशीच राहिली. "राहिला? आजोबा, कुलूप तर तुम्हीच लावलंत!"

"मी?"

"मग कोण? डाव दिसतो, पण सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही म्हणतो. म्हटलं, हरायला लागले म्हणून रुसले."

"तोडता आलं नसतं तुला?"

"आलं असतं की, सगळ्या चाव्या माझ्याकडेच आहेत. पण तुम्ही मुद्दाम लावलेलं कुलूप मी कशाला तोडू?"

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. धाकट्या नातवाच्या, गौरांगच्या हातून त्या फोल्डरमधली गाणी पुसली गेली होती. डावाचं तसं होऊ नये म्हणून शेवटची खेळी केल्यावर त्यांनी फाइलवर खूण करून ठेवली होती: इतरांनी फक्त वाचावी. पंचवटीतल्या वाचनालयात पस्तीस वर्षं ते दुर्मिळ पुस्तकांचं हेच करत आले होते. इथे बसून वाचा, घरी नेऊ नका. इतरांमध्ये स्वरदाही येते, हे त्यांना सुचलंच नाही.

त्यांनी अडखळत सांगितलं. स्वरदा हसली. "कमाल आहे! अहो, एक हाक मारायची की."

तूही मारू शकली असतीस, हे त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

तिने त्यांना पासवर्ड टाकायला लावला, कुलूप काढलं आणि उभ्या उभ्याच आपली खेळी केली. "हं, झाली माझी. खेळा!"

ती आत गेली. वेणीमाधवरावांनी कागद उलगडला. ही खेळी त्यात नव्हती. क्षणभर त्यांना आनंद झाला, पोरीने काहीतरी भलतंच योजलंय! मग त्यांनी सावकाश पाहिलं. योजलेलं काही नव्हतं. घोडा फुकट जात होता.

ते तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. स्वरदा गुडघ्याने बॅग दाबून चेन ओढत होती.

"स्वरदा, घोडा जातोय गं तुझा. पुन्हा खेळतेस का?"

"जाऊ दे हो आजोबा, घ्या तुम्ही," ती वर न बघता म्हणाली. "आई, माझा निळा स्वेटर कुठंय?"

ते परत येऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी घोडा घेतला.