फळ्यावरून उतरवलेलं पत्र

राइसाबाईंचं केंद्र म्हणजे गावच्या बंद पडलेल्या वाचनालयातल्या दोन खोल्या, एक भट्टी आणि तेवीस पोरं. निम्म्या पोरांचे आईबाप इटलीत नाहीतर मॉस्कोत राबायला गेलेले. मोल्दोव्हाच्या त्या गावात तरणी माणसं उरलीच होती कुठे? पोरांचं दुपारचं जेवण, अभ्यास, हिवाळ्यातलं सरपण, सगळं जर्मनीतल्या एका संस्थेच्या जिवावर चालायचं. माणसं भली होती, पण त्यांची एक अट होती. दर नाताळात प्रत्येक मुलाच्या हातचं पत्र हवं.

आता आठ-नऊ वर्षांच्या पोरांना पत्रं सुचणार थोडीच. मग बाई फळ्यावर मजकूर लिहायच्या आणि पोरं तो वहीच्या कागदावर उतरवायची. आईवेगळ्या पोराला मदत लवकर मिळते, हे बाईंना पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून त्या मजकुरात एक ओळ ठरलेली असायची: माझी आई देवाघरी गेली. मोठी पोरं फिदीफिदी हसत ती लिहायची. बाईही हसायच्या. कुणाचं काय बिघडतंय, पोटं तर भरतायत, असं त्यांचं म्हणणं.

सांदा मात्र कधी हसली नव्हती, आणि ते बाईंच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिची आई लिदिया कागदपत्रांशिवाय इटलीला गेली, तेव्हा सांदा साडेतीन वर्षांची होती. आईचा फोन येऊन गेला की पोर ताप चढेपर्यंत रडायची. शेवटी दोकिया आजीनं तिच्या हाती फोन द्यायचंच सोडलं, आणि घरात लिदियाचं नाव काढणंही बंद केलं. पोर शांत झाली. आजीला वाटलं, सुटलो.

साडेपाच वर्षांनी, या वसंतात, लिदियाला कागद मिळाले. ती आठवडाभरासाठी येणार होती आणि सांदाला कायमची घेऊन जाणार होती. "माझ्याबरोबर येईल ना हो बाई?" तिनं फोनवर दहादा विचारलं. "येईल म्हणजे काय, उडी मारून येईल," बाई म्हणाल्या. सीमेवर काही घोळ झाला तर पोरीची निराशा नको, म्हणून आजीनं आणि बाईंनी तिला आधी काहीच सांगितलं नाही.

शनिवारी केंद्राच्या भट्टीत सांदानं तीन कोलाच भाजले. पिठाच्या वेण्या घालून कड्यासारखे वळलेले गोड पाव, मोठ्या बायकांनाही जमू नयेत इतके सुबक. "कुणासाठी गं एवढं?" बाईंनी विचारलं. "आईसाठी." आजीच्या पोटात बातमी राहिली नाही वाटतं, असं मनाशी म्हणत बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला.

सोमवारी मेलेल्यांचा ईस्टर, गेलेल्यांच्या आठवणीचा सण. सगळं गाव दफनभूमीत. कबरींवर चादरी अंथरलेल्या, त्यांवर लाल अंडी, कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या, घरची वाइन. जो तो आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं दुसऱ्याला पाव देत होता. देणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. सांदानं टॉवेलात गुंडाळलेला, वर मेणबत्ती खोचलेला कोलाच पुढे केला. बाईंनी तो घेतला आणि सवयीनं म्हणून टाकलं, "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. आजोबांच्या नावानं ना?"

"नाही. आईच्या."

बाई तिच्याकडे वाकल्या. "कुणी सांगितलं तुला, आई गेली म्हणून?"

"तुम्हीच की, बाई. मी तीन नाताळ लिहिलंय ते. पहिल्यांदा त्या ओळीत दोन चुका झाल्या होत्या, तर तुम्ही पुन्हा लिहायला लावलंत."

तीन हिवाळे ही पोर रोज त्यांच्यासमोर बसून सूप पीत होती, आईचं सुतक मनात घेऊन, आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी मिनीबस थांबली. लिदिया बॅग तिथेच टाकून कबरींमधून धावत आली आणि चार पावलांवर थबकली. डोळ्यांतून धारा. सांदानं पाहिलं, एक बाई रडतेय आणि तिच्या हातात कुणी काही दिलेलं नाही. ती शहाण्या मुलीसारखी पुढे झाली. "घ्या मावशी, माझ्या आईच्या नावानं. लिदिया नाव होतं तिचं."

लिदियानं दोन्ही हातांनी कोलाच घेतला. "देव तिच्या..." इतकं बोलून ती थांबली. पोरीच्या डोक्यावरून तिनं बाईंकडे पाहिलं. "बाई, माझी पोर काय म्हणतेय हे?"

"मी लिहून घेतलं तिच्याकडून," बाई कशाबशा म्हणाल्या. "जर्मनीच्या पत्रात. मदतीसाठी. मी..." त्या मातीत गुडघे टेकून सांदासमोर बसल्या आणि त्यांनी तिचे दंड धरले. "सांदा, ऐक. ते खोटं होतं. ही तुझी आई आहे. तुला न्यायला आलीय."

सांदानं त्या रडणाऱ्या बाईकडे पाहिलं, मग राइसाबाईंकडे. तिनं हलकेच आपले दंड सोडवून घेतले.

"नाही, बाई," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "तुम्ही आम्हाला खोटं कशाला लिहायला लावाल?"

आणि तिसरा कोलाच उचलून ती शेजारच्या कबरीकडे गेली.