रुक्मिणबाईंचा फोन

पहिली भाकरी तव्यावर टाकून उज्वलानं तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला, तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हशीची धार निघाली होती, नवरा दयानंद दुधाची किटली घेऊन डेअरीकडे गेला होता, आणि ओसरीवर सासूबाईंचा फोन वाजत होता. मुदखेडला दिलेली त्यांची लेक राजकन्या रोज याच वेळेला फोन करी. आज मात्र तो नुसताच वाजत राहिला. रुक्मिणबाई नेहमीसारखं बोट खालून वर ओढत होत्या; फोन काही दाद देईना. वाजून वाजून गप्प झाला.

"उज्वला, ह्याला काय झालं गं बघ."

ती हात पुसत बाहेर आली, तोवर पुन्हा वाजला. पडद्याचं रूपच पालटलं होतं. अक्षरं फुगली होती, रंग वेगळे होते आणि फोन उचलायला बोट आता आडवं ओढावं लागत होतं. तिनं ते ओढून फोन सासूबाईंच्या कानाला लावला.

"ह्ये पुनमचंच काम," बोलणं संपल्यावर रुक्मिणबाई म्हणाल्या. "काल म्हायेरी जाताना लई वेळ बोटं चालवीत बसली होती."

उज्वला आत वळली. चुलीजवळ परतली तेव्हा भाकरी एका अंगानं करपली होती.

तीन वर्षं हा फोन उज्वलाच्या हातचा होता. त्याची चार्जिंगची पिन सैल झालेली. वायर एका विशिष्ट तिरकेपणानं घालून, खाली लग्नपत्रिकेची घडी सरकवली, तरच तो चार्ज होई. ती घडी किती जाड असावी, हे घरात तिच्याखेरीज कुणाला कळत नसे. "उज्वलाचा हात लागल्याबिगर न्हाई भरत त्यो," असं रुक्मिणबाई आल्यागेल्याला सांगत.

वैशाखात धाकट्या दिराचं, सोमेशचं लग्न झालं आणि देगलूरकडची पुनम घरात आली. आठ दिवसांत तिनं तो फोन अहमदपूरला स्टँडजवळच्या पंचाक्षरीच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेला. दहा मिनिटांत पिन बदलून झाली. नव्या फोनांच्या बॅटऱ्यासुद्धा चिकटवलेल्या असतात, उघडायची सोय नसते. हा जुना आहे म्हणून आणखी चार वर्षं चालेल, असं पंचाक्षरी म्हणाल्याचं रुक्मिणबाईंनी अर्ध्या गल्लीला ऐकवलं. पुनमनं बोराच्या बीएवढा एक जोडही आणला. तो लावला की तिच्या नव्या चार्जरची वायर या जुन्या फोनला बसे. आता कुणीही, कुठंही चार्जिंगला लावावा.

तेव्हापासून सकाळी सासूबाईंच्या शेजारी पुनम बसू लागली. मुदखेडच्या नातवंडांचे चेहरे पडद्यावर येत, दोघी हसत, आणि ते हसू चुलीपर्यंत येई. उज्वला भाकरी जरा जास्तच जोरानं थापी. दर आठवड्याच्या बाजाराला ती अहमदपूरला जात होती. तीन वर्षं ती पंचाक्षरीच्या दुकानावरूनच गेली होती.

डेअरीवरून आलेल्या दयानंदनं चहा पिता पिता सांगितलं की तिथं सकाळपासून हीच ओरड आहे. रात्रीतून अनेकांच्या फोनचा पडदा बदलला. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. एकानं तर गोंधळून डॉक्टरांचाच फोन कापला म्हणे.

उज्वलानं पिठाच्या डब्यामागं ठेवलेला आपला फोन काढून पाहिला. तोही तसाच झाला होता. तिनं तो पुन्हा डब्यामागं ठेवला. दयानंद शेताकडे गेला. ओसरीवर जाऊन सासूबाईंना एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी ती धुण्याची बादली उचलून मागच्या दारानं गेली.

पुढचे चार दिवस चांगले गेले. सकाळी रुक्मिणबाई तिला हाक मारत, ती फोन लावून देई आणि बोलणं संपेपर्यंत शेजारी बसे. भाकऱ्यांना उशीर होई, पण कुणी बोललं नाही. पुनमला आता फोनला हात लावू देणार नाही, असं सासूबाईंनी लेकीला बजावून सांगितलेलं तिनं ऐकलं आणि उगाच पदर सारखा केला.

चौथ्या दिवशी दुपारी पुनमचा फोन आला. तिचा फोन दुसऱ्या कंपनीचा, त्यात काहीच बदललं नव्हतं. तिला काही कळायला मार्ग नव्हता.

"अक्का, आत्याबाई लई रागावल्यात का? महालक्ष्म्यांना न्हाई आलीस तरी चालंल म्हणाल्या."

"म्हातारं माणूस हाय. बोलून जातंय."

"मी तर लेकरांचे फोटो एका जागी लावून दिले होते. माझ्याच बोटानं कायतरी दबलं असंल." तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही हायेत म्हणून त्यांचं चालून राहिलं, अक्का. माझ्या वतीनं माफी मागता का?"

उज्वलानं "बघते" म्हटलं. फोन बंद झाल्यावर तिनं तुरीचं सूप पुढं ओढलं. दाणे निवडलेलेच होते. ती ते पुन्हा निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरून हाक आली.

"उज्वला, राजकन्याला लाव गं."

उज्वलानं तवा उतरवला. पिठाच्या डब्यामागून स्वतःचा फोन काढला, उघडला आणि सासूबाईंच्या हातात ठेवला. रुक्मिणबाईंनी आपला फोन त्याच्या शेजारी धरला. तीच फुगीर अक्षरं, तेच रंग.

"तुझा बी असाच झाला?"

"लई जणांचे झाले. रातीतून, आपोआप. पुनमनं काय केलं न्हाई."

"कवा कळलं तुला?"

उज्वलाच्या बोटांवरचं पीठ वाळून तडकलं होतं.

"त्याच दिवशी."

रुक्मिणबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. उज्वलानं मान खाली घातली नाही. ती वाकली, त्यांच्या हातातल्या आपल्या फोनवर देगलूरचा नंबर लावला आणि म्हणाली, "पुनम हाय. तुमीच बोला."

मग ती चुलीकडे वळली. तवा पुन्हा चढवला, पिठाचा गोळा हातावर घेतला. मागं ओसरीवर पलीकडचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा, घाबरलेला.

"अक्का?"

"अक्का न्हाई," रुक्मिणबाई म्हणाल्या. "मी बोलून राहिले."