पूर्वेचा डंप, पश्चिमेचा डंप

डोंगरातल्या कोळसाखाणीतून निघालेली माती दोन ठिकाणी टाकलेली होती. खाणीत अशा ढिगाऱ्याला डंप म्हणतात. पूर्वेच्या डंपवर ताईनं अकरा वर्षं खपून गवत आणि झुडपं जगवली होती. समोरचा पश्चिमेचा डंप तिच्या धाकट्या बहिणीकडे येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. तरी लागवडीचे साहेब आले की आधी तिकडेच जायचे.

"तिच्याकडे उतार सोपा आहे," ताई नवऱ्याला म्हणाली. "माझ्याकडे नुसता दगड. सोप्या पेपरात कुणीही पहिलं येईल."

"मग होऊ दे की तिचं कौतुक. बहीणच आहे ना?"

"बहीण आहे म्हणूनच तर!"

त्यात बातमी आली, फिरायला येणाऱ्यांसाठी एका डंपवर पायवाट होणार. बाक येणार, पाटी लागणार आणि पाटीवर तिथली झाडं लावणारीचं नाव. पाहणी पंधरा दिवसांनी.

ताईची झोप उडाली. राबायचं आपण अकरा वर्षं, आणि नाव धाकटीचं?

वरच्या कड्यांवर रानबकऱ्या होत्या. मिठासाठी त्या कुठेही उतरतात, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिनं पिशवीभर खडेमीठ आणलं आणि रोज सकाळी मूठमूठ दगडांवर पसरलं. जनावरं दिसली की साहेब भाळणारच!

पाहणीच्या दिवशी सात रानबकऱ्या तिच्या गवतात उभ्या, वर दोन पिल्लं. साहेब जागीच थबकले.

"कमाल केलीत, ताई," ते डोळ्यांवरची दुर्बीण न काढता कुजबुजले.

ताईनं हळूच धाकटीकडे बघितलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

साहेबांनी वही उघडली. "जिथे जनावर पिल्लं घेऊन येतं तिथे फिरायला येणाऱ्यांना बंदी. नियमच आहे. पूर्वेला कुंपण घाला. पायवाट पश्चिमेला."

ताई चार दिवस कुणाशी धड बोलली नाही.

वाट झाली, पाटी लागली, लोक येऊ लागले. एका दुपारी धाकटी फणफणत ताईच्या कुंपणापाशी आली.

"बघ, बघ जरा समोर! माझ्या बाकांवर बसतात, डबे खातात आणि माझ्या झाडांकडे पाठ! सगळ्यांच्या दुर्बिणी तुझ्या डंपवर. पाटी एकानंही वाचली नाही. तू केलंस तरी काय गं?"

ताईला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. इतकं, की तिला खोटं बोलायची गरजच उरली नाही.

"मीठ टाकलं," ती म्हणाली.

धाकटीनं कुंपणातून हात आत घातला.

"मला दे थोडं."

"वेडी आहेस का? बकऱ्या तुझ्याकडे आल्या तर तुझी वाट बंद होईल!"

धाकटीनं पलीकडून ओळीनं रोखलेल्या दुर्बिणींकडे बघितलं.

"होऊ दे," ती म्हणाली.